टेंगूळ

उमरखाडीच्या खोलीत, जानेवारीत, रात्री दीडला
माझा प्रोग्राम चालू असतो.
चार कोटी इलेक्ट्रॉन, सगळे खोटे,
लॅपटॉपच्या पोटात पळतात,
आणि त्याच्या कुशीतून येणाऱ्या गरम वाऱ्यापाशी
वाटी धरून
आण्णा गुडघ्यांसाठी खोबरेल पातळ करून घेतात.

"ही कसली टेकडी?"

टेकडी नाही आण्णा, मोजदाद आहे.
कोण किती जोरात पळतंय, एवढंच.
नाव विचारत नाही आम्ही, गाव तर नाहीच.
मधे हळू चालणाऱ्यांची दाटी,
मग उजवीकडे उतरत गेलेलं शेपूट,
आणि शेपटावर, हे बघा, एक टेंगूळ.
हे सूर्याकडून निघालेले.
तिथे एवढं विरळ आहे सगळं
की वाटेत कुणी कुणाला धडकत नाही.
तरी लाट उठते.

"न धडकता?"

इथे मी नेहमी अडते.
झरीन मॅडम म्हणतात, उंचीकडे बघू नकोस,
उतार बघ. लाटेला उंची कळत नाही,
तिला फक्त तिच्या वेगाच्या
थोडं अलीकडचे आणि थोडं पलीकडचे कळतात.
मी वही ओढली, एक समीकरण लिहिलं,
दुसरं लिहायला लागले.

आण्णांनी एकवीस वर्षं दाणाबंदरला हातगाडी ओढली.
म्हणाले, "पुलाचा चढ घे. गाडीवर बारा पोती.
गाडीपेक्षा जरासा हळू माणूस
मागं लोंबकळतो, गाडीच त्याला ओढती.
जरासा जोरात असला तर ढकलतो.
आन् जो लईच पळतो
तो म्होरं जाऊन बिडी वडत बसतो.
त्याचा गाडीला काय उपेग?"

मी टोपण लावलं पेनाला.

एरवी लोंबकळणारेच जास्त असतात,
लाट उठता उठता विझते, कुणाला कळतही नाही.
पण टेंगूळ असलं की त्या जागी
ढकलणारे जास्त.
मग ती फुगते. आपोआप. वाऱ्याशिवाय.

"आन् ढकलणाऱ्यांचं?"

हळू होतात.
लाट वाढते तसं टेंगूळ खचत जातं,
शेवटी नुसतं पठार.
शोधनिबंधात ती आकृती फार देखणी दिसते.

आण्णांच्या उजव्या खांद्यावर दोरीचा घट्टा होता,
लहानपणी मी त्यावर बोट ठेवून झोपायचे.
काम सुटल्यावर दोन-तीन वर्षांत तो बसला.
तिथली कातडी अजून गुळगुळीत आहे,
बनियनच्या पट्टीखाली, बाकीच्यापेक्षा काळी.
मी तिकडे बघितलं नाही.

विषय बदलायला हेडफोन दिला त्यांना.
हे पृथ्वीजवळचं, दुसऱ्या जातीच्या लाटेचं:
सरळ रेषेत धावले ते ध्रुवांपाशी हवेत बुडाले,
उरले ते गिरक्या घेणारे,
आणि उरलेल्यांच्या असमतोलातून
हे निघतं. उपग्रहानं टिपलंय.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं.
खालच्या पट्टीतून वर चढणारी शीळ,
तुटते, परत खालून चढते,
एकीत दुसरी अडकलेली.
मॅडमना यात पहाटेची पाखरं ऐकू येतात.
परिषदेत सगळ्यांनाच येतात.
मीही वर्गात तसंच सांगते.

आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग हेडफोन एका कानावरून सरकवून म्हणाले,
"चाक हाय ते.
चढावर हाय.
वंगण न्हाई कुणी घातलेलं,"

आणि वाटीच्या तळाशी उरलेलं खोबरेल
बोटानं हलवत राहिले.